पेटीत पडलेलं एअर पिस्तूल पुन्हा चालतं कसं करायचं

टार्गेटचं पिस्तूल वापरून फारसं झिजत नाही, ते पडून बिघडतं. आणि वर्षानुवर्षं पडूनही जे शाबूत राहिलेलं असतं, ते पेटी उघडल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, दुरुस्तीच्या उत्साहात बिघडतं. काकांचं, मामांचं किंवा मिलिटरीतनं रिटायर झालेल्या शेजाऱ्यांचं जुनं दहा मीटरचं एअर पिस्तूल ज्यांच्या हाती आलंय आणि ज्यांनी यापूर्वी कधी हत्यार उघडलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आपल्याकडं अशी पिस्तुलं निघतात याचं नवल नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे आणि पलीकडं कोल्हापूर आहे. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून रायफलमधलं कांस्य आणलं, त्यामुळं निपाणी-चिकोडीकडच्या पोरांनाही नेमबाजी लांबची वाटत नाही. नव्या मॅच पिस्तुलाची किंमत ऐकली की मग माळ्यावरच्या पेटीची आठवण होते.

आधी कागद

हातात आलेलं पिस्तूल हवेचंच आहे ना, हे पहिल्यांदा बघा. ४.५ मिलिमीटर नळीचं आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीचं हवेचं हत्यार परवान्याच्या कक्षेबाहेर आहे. दहा मीटरचं पिस्तूल यात आरामात बसतं: अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटरनं गेला तरी हिशेब सहा ज्यूलच्या आसपास येतो. तरीही जुनं बिल किंवा क्लबचं कार्ड मिळालं तर पिस्तुलासोबतच ठेवा. कोल्हापूरला दुरुस्तीला न्यायचं झालं तर कोगनोळीच्या नाक्यावर, विशेषतः निवडणुकीच्या दिवसांत, गाडी थांबतेच. एअर पिस्तूल लांबून खऱ्या पिस्तुलासारखंच दिसतं. ते कुलूपबंद पेटीत आणि डिकीत असू दे, आणि पोलिसांनी विचारायच्या आधी आपण सांगावं.

पिस्तूल काडतुसाचं, उदाहरणार्थ .२२ चं, निघालं तर हा लेख इथंच मिटा. ते १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतं. मालक वारले असतील आणि घरात दुसऱ्या कुणाच्या नावावर परवाना नसेल तर ते घरात ठेवताच येत नाही. ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करून रीतसर पावती घ्यायची. दुरुस्तीसुद्धा परवानाधारकाकडूनच करून घ्यायची, घरात स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही.

भरलेलं आहे असंच समजून हातात घ्या

तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. लिव्हर किंवा ब्रीच, म्हणजे नळीचं छर्रा भरायचं मागचं टोक, उघडून आत डोकवा. रिकामं दिसलं तरी भागत नाही, कारण नळीत मध्येच अडकलेला छर्रा ब्रीचमधून दिसत नाही. गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन तार हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिचं टोक लायटरनं किंचित वितळवून गोल करा आणि ब्रीचकडून तोंडाकडं सरकवा. आरपार गेली तर नळी मोकळी. अडली तर तिथं छर्रा आहे. पिस्तूल झाडून तो बाहेर काढायच्या फंदात पडू नका. नळीत दोन थेंब तेल सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी मापाच्या पितळी दांडीनं हळू ढकला.

एकाच वेळी दुसरीही गोष्ट ठरवून टाका: आपलं पिस्तूल कुठल्या जातीचं आहे? चार जाती सापडतात.

एका हिसक्यात हवा दाबणारं, म्हणजे लिव्हर एकदा पूर्ण उघडून बंद केली की एका नेमापुरती हवा भरणारं. रशियन बैकालचं आयझेडएच-४६ आणि स्पेनचं गामो कॉम्पॅक्ट ही त्यातली ओळखीची नावं. नवख्यानं हात घालावा असं हेच, आणि पुढचा बराचसा मजकूर याच जातीला धरून आहे.

स्प्रिंगचं, म्हणजे फाइनवेर्कबाऊ ६५ सारखं, बाजूला लिव्हर असलेलं. याची स्प्रिंग दाबात असते. उघडायला खास शिकंजा लागतो, तो नसेल तर खोलू नका. रिकाम्या नळीवर चाप ओढायचा नाही, कारण पुढं छर्र्याचा अडसर नसला की पिस्टन जाऊन थेट आदळतो.

कार्बन डायऑक्साइडचं. याच्या सील, म्हणजे हवा निसटू न देणाऱ्या रबरी रिंगा, वेगळ्या जातीच्या लागतात, त्याविषयी खाली.

आणि भरलेल्या सिलिंडरचं, म्हणजे स्टायर, मोरीनी वगैरे. इथं २०० बारचा मामला आहे. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. बनवणारे साधारण १० वर्षांची मुदत देतात आणि स्पर्धेत मुदत संपलेलं सिलिंडर चालत नाही. माळ्यावरून काढलेलं सिलिंडर बहुधा मुदतीबाहेरचं असतं. त्यात हवा भरायची नाही, नवं घ्यायचं. आणि कुणी वेल्डिंगच्या दुकानातल्या ऑक्सिजनची आयडिया दिली तर त्या माणसापासूनही लांब राहा. ऑक्सिजन, तेलाचा अंश आणि दाब एकत्र आले की स्फोट होतो.

पेटी, मूठ, गंज

सगळ्यात जास्त नुकसान पेटीनं केलेलं असतं. जुन्या पेट्यांतला स्पंज पावसाळ्यामागून पावसाळे दमट हवा पिऊन बसतो आणि शेवटी विरघळून चिक्कीच्या पाकासारखा नळीला चिकटतो. तो नखानं किंवा पत्र्यानं खरवडू नका. मऊ कापडावर थोडं शिलाई मशीनचं तेल घेऊन त्यावर ठेवा, अर्ध्या तासानं पुसलं की निघतो. कागद काढून घ्या आणि पेटी टाकून द्या. जपून ठेवण्यासारखं तिच्यात काही नाही.

मग मूठ काढा. बहुतेक मुठी एकाच स्क्रूवर असतात. तिच्या आतली बाजू बघा, बघायची खरी जागा तीच. बाहेरून चकचकीत असलेल्या पिस्तुलाच्या मुठीखाली जुन्या घामाचं मीठ आणि ओल यांनी पोलादावर तांबूस खवले धरलेले असतात. लाकडाच्या आत पांढरी बुरशी असली तर जेमतेम ओल्या फडक्यानं पुसून सावलीत दोन दिवस वाळवा आणि जवसाच्या तेलाचा हलका हात फिरवा. उन्हात ठेवलं तर अक्रोडाचं लाकूड तडकतं.

पोलादावरचा वरवरचा गंज चार शून्याच्या बारीक स्टील वूलनं तेलात भिजवून, अगदी हलक्या हातानं निघतो. पॉलिश पेपर वापरू नका. निळसर-काळा रंग एकदा गेला की घरी परत येत नाही आणि उघडं पोलाद आपल्या जुलैत आठवड्यात गंजतं. ॲल्युमिनिअमच्या भागांवर पांढरी भुकटी दिसली तर कोरड्या ब्रशनं झाडायची, बस्स.

तेलाविषयी एवढंच. खोबरेल नको, डिसेंबरात बेळगावच्या थंडीत ते थिजतं आणि चापाची हालचाल जड होते. गंज सोडवणारा स्प्रेही आत मारू नका. तो नको तिथं, म्हणजे सीलवर आणि चापात, जाऊन बसतो. लिव्हरच्या पिनांना शिलाई मशीनचं तेल, थेंबभर. रबराला सिलिकॉन तेल. पण धातूवर धातू घासतो तिथं सिलिकॉन टिकत नाही, आणि स्प्रिंगच्या पिस्तुलात हवेच्या नळकांड्यात साधं तेल गेलं तर दाबानं पेट घेतं. ही अदलाबदल तेवढी टाळायची.

नळी साफ करणं सोपं काम आहे. एअर पिस्तुलात बारूद जळत नाही, आत असतो तो शिशाचा थर आणि सुकलेलं तेल. त्याच नायलॉन तारेला सुती चिंधी बांधून ब्रीचकडून तोंडाकडं ओढायची, उलट नाही, कारण तोंडाची कड दुखावली की नेम गेला. पहिल्या चिंध्या काळपट येतात, मग करड्या. पांढरी चिंधी जवळजवळ पांढरी आली की थांबा. पितळी ब्रशची गरज सहसा पडत नाही.

हवा कुठनं जाते

आता मुख्य काम. कशालाही पान्हा लावायच्या आधी पिस्तूल आहे तसं तपासा, कारण लोक इथंच घाई करतात. सगळी सीलं बदलतात आणि मग मूळ दुखणं कुठं होतं ते कधीच कळत नाही.

लिव्हर पूर्ण शेवटपर्यंत उघडा. अर्धवट उघडली तर हवा कमीच भरते आणि उगाच दोष सीलवर येतो. बंद करताना शेवटच्या टप्प्यात हाताला चांगला विरोध जाणवायला हवा. लिव्हर मध्येच सोडून देऊ नका, ती उसळून बोटं चेचते. लिव्हर उघडी असताना चापाला हात लावायचा नाही, हेही त्यातच आलं.

विरोधच जाणवत नसेल, लिव्हर रिकाम्या भात्यासारखी बंद होत असेल, तर हवा पिस्टनच्या सीलवरून मागं निसटतेय. पेटीत पडलेल्या पिस्तुलात बहुतेक वेळा हेच असतं आणि बहुतेक वेळा सील फाटलेली नसून नुसती वाळलेली असते.

विरोध नीट जाणवला, लगेच झाडलं तर आवाज खणखणीत आला, पण हवा भरून मिनिटभर थांबून झाडलं तर आवाज पडला, तर व्हॉल्व्ह गळतोय. कान जवळ नेऊन बारीक सुस्कारा ऐकू येतो का बघा, पण तोंड अर्थातच भिंतीकडं ठेवून.

विरोधही चांगला, थांबलं तरी हवा टिकतेय, तरी छर्रा मंद जातोय? मग टिश्यू पेपरची चिंचोळी पट्टी फाडून ब्रीचच्या सांध्यावर टेकवा आणि छर्रा भरून झाडा. पट्टी उडाली किंवा थरथरली तर ब्रीच सील गेली. ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती.

वाळलेल्या पिस्टन सीलचा इलाज आधी करून बघा. लिव्हर उघडी ठेवून, मॉडेलच्या रचनेप्रमाणं पिस्टन जिथं दिसतो तिथं सिलिकॉन तेलाचे दोन थेंब सोडा. दोनच. लिव्हर आत-बाहेर हळू फिरवा आणि पिस्तूल रात्रभर ठेवा, मात्र हवा भरून नाही. हवा भरलेलं पिस्तूल तसंच ठेवलं तर सीलला वाक बसतो. सकाळी पुन्हा तपासा. पाच-सहा वेळा हवा भरून झाडेपर्यंत जोर वाढत जातो. वाढला आणि टिकला तर खोलायचं कारणच उरत नाही.

नाहीच जमलं तर सील बदलायची. इथं आपल्या गावाचा फायदा आहे. बेळगाव म्हणजे फाउंड्री आणि हायड्रॉलिक्स. जी ओ-रिंग मुंबईवाले कुरिअरनं मागवतात ती उद्यमबागेत किंवा मच्छ्याकडं सीलच्या दुकानात काउंटरवर मिळते, आणि तीही नगावर. फक्त जुनी रिंग नाचवत जाऊन ‘अशीच द्या’ म्हणू नका. वर्षानुवर्षं दाबून राहिलेली रिंग चपटी झालेली असते, तिचं माप खोटं येतं. व्हर्निअरनं रिंग बसते ती खोबण मोजा: रुंदी, खोली आणि तळाचा व्यास. तिन्ही कागदावर लिहून न्या. दुकानदार बघतो आणि बरोबर काढून देतो, त्यांचा रोजचा धंदाच तो आहे. हवेला नायट्राइल रबर चालतं. कडकपणा विचारला तर ब्रीचला ७०, दाबाच्या जागी ९० हे साधारण धोरण. कार्बन डायऑक्साइडच्या पिस्तुलाला मात्र पॉलियुरेथेन मागा, नायट्राइल तो वायू शोषून फुगतं.

ब्रीच सील काढायला सुई नको, तिनं खोबणीत ओरखडा पडतो आणि मग कुठलीच रिंग हवा धरत नाही. बांबूची दात कोरायची काडी पुरते. नवी रिंग बसवताना बोटाला सिलिकॉन तेलाचा ओशटपणा, तेवढंच. बसल्यावर ती सांध्याच्या पातळीपेक्षा केसभर वर दिसायला हवी. अगदी समपातळीत बसली तर दाबली जात नाही. फार वर राहिली तर ब्रीच बंद करायला जोर लागतो आणि कापली जाते.

पिस्टनचा कप किंवा व्हॉल्व्ह काढायची वेळ आली तर प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा आणि निघालेला प्रत्येक भाग पांढऱ्या कापडावर क्रमानं मांडा. पिन कुठल्या बाजूनं निघते ते बघा. बऱ्याच पिना एकाच बाजूनं बाहेर येतात, उलट ठोकल्या तर भोक वाढतं. मापाचा पिन पंच वापरा, खिळा नाही. उद्यमबागेतला ओळखीचा फिटर मदतीला येईल, हात चांगला असेल, पण त्याला आधी सांगून ठेवा की ‘जरा टाइट करा’ असं इथं काही नसतं.

चापाला शेवटी हात लावायचा

खरं तर लावायचाच नाही. चाप जड लागला, अडखळला, कधी लवकर सुटला तर बहुतेक वेळा दोष सुकलेल्या ग्रीसचा असतो, स्क्रूचा नाही. आतलं ग्रीस पिवळट, वार्निशसारखं झालेलं असतं. कापसाच्या काडीवर थोडं पातळ तेल घेऊन पोचेल तिथवर पुसा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा.

स्पर्धेत एअर पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅमचं वजन पेलावं लागतं. घरी मोजायला पाण्याची छोटी बाटली, वर तारेचा आकडा, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर बाटली-आकड्यासकट बरोबर ५०० ग्रॅम होईल एवढं पाणी. छर्रा न घालता हवा भरा, नळी उभी आभाळाकडं, आकडा चापाच्या मधोमध अडकवा आणि पिस्तूल हळू वर घेत बाटली उचला. चाप सुटायला नको. सुटला तर स्क्रू फिरवायच्या आधी त्याच्या डोक्यावर आणि शेजारी नेलपॉलिशची एक रेघ मारा आणि एका वेळी पाव फेऱ्यापलीकडं जाऊ नका.

मग रिकामं पण हवा भरलेलं पिस्तूल हातात धरून मुठीवर तळहातानं दोन-चार थपडा द्या. नुसत्या धक्क्यानं सुटलं तर घरचं काम संपलं. ते क्लबच्या आर्मररकडं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडं. असं पिस्तूल घेऊन लेनवर उभं राहणं शेजारच्यावर अन्याय आहे.

दहा मीटरवर

परसात चाचणी करणार असाल तर मागं जांभा दगड किंवा गडग्याची भिंत नको, शिशाचा छर्रा त्यावरून उलटा येतो. पत्र्याच्या डब्यात वाळू किंवा जुन्या सतरंज्या दाबून भरा. डोळ्याला चष्मा, पोरं-कुत्री-कोंबड्या मागच्या बाजूला. पेटीसोबत सापडलेले जुने छर्रे पांढरट झाले असतील तर वापरू नका. ती शिशाची भुकटी आहे, नळीला वाईट आणि पोटाला त्याहून वाईट. नवा डबा आणा, आणि हाताला शिसं लागलं की साबणानं धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही.

हात टेकवून, वाळूच्या पिशवीवर पिस्तूल ठेवून पाच छर्रे एकाच ठिकाणी झाडा. सुरुवातीचे दहा-बारा मोजू नका, नळीतलं तेल निघून जायला तेवढे लागतात. कागदावरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. बऱ्या मॅच पिस्तुलाचे टेकवून झाडलेले पाचही छर्रे त्याच्या आत राहायला हवेत. भोकं कुठं पडली याची चिंता नको, ते साइटनं, म्हणजे नेम धरायच्या खुणेनं, सरकवता येतं. बघायचा तो आकार. भोकं उभ्या रेघेत पसरली तर वेग कमी-जास्त होतोय, म्हणजे पुन्हा सील किंवा व्हॉल्व्ह. आडवी किंवा कशीही विखुरली तर आधी मागच्या साइटचे आणि मुठीचे स्क्रू बघा. पडून राहिलेल्या पिस्तुलात लाकूड आक्रसतं आणि मूठ ढिली होते. तेही ठीक असेल तर दुसऱ्या बनावटीचा छर्रा लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक कागदावर काय बदललं ते पेन्सिलीनं लिहायचं.

पुढचा पावसाळा

सप्टेंबरपर्यंत आपल्याकडं काही कोरडं राहत नाही, आणि खानापूर, जांबोटीकडं तर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. पिस्तूल स्पंजच्या पेटीत किंवा चामडी कव्हरात ठेवू नका. तेलाचा हात फिरवलेल्या सुती पिशवीत गुंडाळून, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. रंग बदलणारं जेल घ्या, ओलं झालं की मंद तव्यावर परतून पुन्हा वापरता येतं. मात्र तो तवा पोळीचा नको. स्प्रिंग ताणलेली नको, हवा भरलेली नको. सिलिंडरवाल्यात मात्र थोडी हवा राहू द्यावी, सील जागेवर राहते. पंधरा दिवसांतून एकदा डबा उघडायचा, फडक्यानं पुसायचं, लिव्हर एकदा फिरवायची.

डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवा: सील कधी बदलली, खोबणीची मापं, कुठला छर्रा बसला, चापाची रेघ कुठं आहे. पिशवीत त्याच मापाच्या दोन ओ-रिंगा जादा ठेवा. त्याही रबराच्याच आहेत, चार-पाच वर्षांनी उद्यमबागेची पुन्हा एक फेरी आहेच.